चढावर चुकणारी माणसं

सोमवार, १३ जानेवारी. सकाळी ६ वाजून २० मिनिटं.

नोंद करून ठेवते, कारण पुढे लोक नाही म्हणतात.

आज वर लिहिलेल्या वेळी आमच्या पहाटे चालणाऱ्या गटातल्या आठ बायका माझ्या खिडकीखालून गेल्या. हसत गेल्या. आणि सर्वांच्या पुढे, माझ्या जागी, कॅशियरबाई होत्या.

हा गट मी काढला. अकरा वर्षांपूर्वी, रिटायर झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी. दोघी-दोघींची रांग, पुढे मी, चालताना गप्पा बंद, हे सगळे नियम माझे. कॅशियरबाई बँकेतून रिटायर झालेल्या, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, चाल गोगलगायीची. अकरा वर्षं शेवटून पहिल्या. मला छातीचं इन्फेक्शन काय झालं, मी तीन आठवडे अंथरुणात काय राहिले, बाई मधल्या सात जणींना ओलांडून थेट पुढे. बँकेत ह्या वेगाने बढती घेतली असती तर जनरल मॅनेजर म्हणून रिटायर झाल्या असत्या.

पडदा ओढून घेतला. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, अगं, कोणीतरी पुढे असणारच ना, नाहीतर रांग सुरू कुठून होणार? अडतीस वर्षं कॉलेजात लॉजिक शिकवलेल्या माणसाशी लग्न केलं की घरात सहानुभूती मिळत नाही, सिद्धता मिळते.

संकल्प: २३ फेब्रुवारीच्या आत पूर्ववत होणे.

बुधवार, १५ जानेवारी. सकाळी ११.

तेवीस तारीख का ते लिहून ठेवते. आमच्या गटात दर वर्षी फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी पाण्याच्या टाकीची टेकडी चढतात. दोनशे बारा पायऱ्या. जी पहिली पोहोचेल ती वर्षभर रांगेच्या पुढे चालणार. हा नियम मी केला. मी केला तेव्हा मीच पहिली पोहोचत होते आणि नंतरही दर वर्षी पोहोचले, हा योगायोग आहे.

म्हणजे टेकडी चुकली तर वर्ष गेलं. मी एकोणसत्तर वर्षांची आहे. माझ्याकडे फुकट घालवायला वर्षं नाहीत.

आज ताप जाऊन बारा दिवस झाले. अँटिबायोटिकचा कोर्सही पूर्ण. मग अडलंय काय? खाली उतरून फाटकापर्यंत गेले. परत येताना पहिल्या वळणावर जिन्यात बसले होते तेव्हा हे आले. काय झालं म्हणाले. बुटाची नाडी सुटली होती म्हटलं. हे म्हणाले, तू सपाता घातल्या आहेस.

गुरुवार, १६ जानेवारी.

डॉक्टरांकडे. एक्स-रे स्वच्छ. मी ह्यांच्याकडे पाहिलं, आता बोला! पण डॉक्टर पुढे म्हणाले, फुप्फुस मोकळं झालं म्हणजे तुम्ही मोकळ्या झालात असं नाही. खोकला अजून काही आठवडे राहील, थकवा दोन-तीन महिनेही राहू शकतो, हळूहळू वाढवा. आणि मला फिजिओथेरपिस्टच्या ताब्यात दिलं.

ही एक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी. तिने मला आजी म्हटलं. मी तिला सांगितलं, माझ्या नातवंडांची यादी फार छोटी आहे आणि तिच्यात तुझं नाव नाही. मग मॅडम म्हणू लागली. तरतरीत आहे, सुधारेल.

तिचं म्हणणं: पहिला आठवडा सपाट जागेवर पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. दुसऱ्या दिवशी त्रास नसेल तरच पुढे एक-दोन मिनिटं वाढवायची. थंडीत नाकातोंडावर स्कार्फ. छातीत दुखलं, चक्कर आली, पुन्हा ताप आला तर व्यायाम बंद आणि सरळ डॉक्टरांकडे. आणि मुख्य म्हणजे बोलण्याची परीक्षा. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटलं तर वेग जास्त आहे असं समजायचं.

मला हसू आवरेना. मी एकतीस वर्षं तक्रार निवारण विभागात काढली, शेवटची नऊ सुपरिंटेंडंट म्हणून. पूर्ण वाक्यांत बोलणं हीच माझी नोकरी होती. त्याआधी अकरा वर्षं कॉन्व्हेंट, तिथे अर्धं वाक्य बोललं की सिस्टर उभं करत. ह्या परीक्षेत मला कोण नापास करणार?

जाता जाता, माझ्या एका मैत्रिणीला टेकडी चढायची आहे, तिने काय करावं, असं विचारलं. फिजिओ म्हणाली, मैत्रिणीला सांगा, एवढ्यात नको. ह्यांनी बाहेर आल्यावर विचारलं, मैत्रीण ऐकेल का?

शुक्रवार, १७ जानेवारी.

घरातच, पॅसेजमध्ये. पाच मिनिटं म्हणजे बावीस फेऱ्या. चालताना ह्यांच्याशी सतत बोलत होते, एकही वाक्य तुटलं नाही. विषय: कॅशियरबाई. हे म्हणाले, ही परीक्षा तुझी आहे की माझी?

सोमवार, २० जानेवारी. दुपारी १२.

रस्त्यावर उतरले. दिवसातून दोनदा पाच म्हणजे दहा. दोनदा कपडे बदलण्यापेक्षा दहा एकदम केलेले बरे. प्रत्यक्षात अठरा झाली, कारण वाटेत कामं निघाली.

फुटपाथवर स्कूटर लावलेली. मालकाला दुकानातून बोलावून ऐकवलं. पुढे पेपरवाल्याने अर्धा रस्ता अडवून पेपर मांडलेले. त्यालाही ऐकवलं. औषधाच्या दुकानाची पायरी फुटलेली, फार्मसिस्टला विचारलं, पेशंट वाढावेत म्हणून ठेवली आहे का? मग एक गृहस्थ कुत्र्याला आणि कुत्रा गृहस्थाला ओढत चालले होते, त्यांना दोरी कशी धरावी ते समजावलं. तोंडाचा पट्टा शेवटपर्यंत सुरू. वाक्यं पूर्ण. परीक्षेत पैकीच्या पैकी.

महिनाभर मी घरात होते तर ह्या रस्त्याचं काय होऊन बसलंय!

मंगळवार, २१ जानेवारी.

दुपारी तीनपर्यंत झोपले. पुस्तक कंटाळवाणं होतं.

शनिवार, २५ जानेवारी.

हे आता बरोबर येतात. फिजिओने फोन करून ह्यांना फितवलं आहे. हातात स्वयंपाकघरातला टायमर. मी चालले की सुरू, थांबले की बंद. घरी आल्यावर कागद पुढे ठेवला: चालणं सात मिनिटं, थांबणं तेरा मिनिटं.

मी म्हटलं, मी थांबले नाही, मला थांबावं लागलं. लोक चुकत असतील तर काय डोळे मिटून जायचं? हे म्हणाले, मी फक्त मोजतो, अर्थ लावत नाही. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं असंच बोलतात.

सोमवार, २७ जानेवारी.

ह्यांनी तो कागद फिजिओला दाखवला. घरातलं घरात ठेवायची पद्धत ह्या माणसाला माहीत नाही.

मुलगी बराच वेळ कागद वाचत होती. मग विचारलं, मॅडम, तुमच्या रस्त्याला चढ आहे का? आहे म्हटलं, जाताना चढ, येताना उतार. कुठे कुठे थांबलात? मी सांगितलं: स्कूटर, पेपरवाला, फार्मसिस्ट, कुत्रा, शिवाय काल एक रिक्षा आणि एक नळ, सगळे जाताना. सहाही चढावर, ती म्हणाली. मग अगदी गरीब चेहऱ्याने विचारलं, उतारावर कोणी चुकत नाही का हो?

मी म्हटलं, उतारावर माणसांना घाई असते, चुका करायला वेळ मिळत नाही.

हे खिडकीबाहेर बघत होते. खांदे हलत होते.

आता नवीन नियम: चालताना कोणाला काही बोलायचं नाही. स्वतःशी एकच वाक्य म्हणायचं, न थांबता. आणि वेळ पुन्हा पाच मिनिटांवर. रागावर तिच्याकडे औषध आहे का विचारलं. म्हणाली, तो असू द्या, फक्त चालताना नको.

बुधवार, २९ जानेवारी. सायंकाळी ५.

कॅशियरबाई घरी आल्या. हातात सूपचा डबा. पायात त्यांचे ते जाड तळव्यांचे बूट. मी दार उघडून म्हटलं, या, पुढे व्हा, तुम्हाला आता सवय झालीच आहे.

हसल्या. बाईंना टोमणा लागत नाही. बँकेच्या खिडकीत पस्तीस वर्षं बसल्यावर कातडी तशीच होत असणार.

म्हणाल्या, ताई, आम्ही मुद्दाम रस्ता बदलून तुमच्या खिडकीखालून जातो. म्हटलं, तुम्ही हात कराल. पहिल्या दिवशी तर सगळ्या वर बघून हसलो. तुम्ही पडदा ओढलात.

मी म्हटलं, डोळ्यांवर ऊन येत होतं.

म्हणाल्या, सहा वीसला?

हे नेमके त्याच वेळी चहा घेऊन आले आणि नेमके त्याच वेळी थांबले.

मग म्हणाल्या, आजारात आम्ही आठही जणींनी फोन केले, एकदाही उचलला नाहीत. ते खरं आहे. उचलला नाही. हॅलो म्हटलं की पुढचा शब्द यायला वेळ लागत होता आणि त्या वेळात समोरची म्हणणार, अरेरे. हे मी त्यांना सांगितलं नाही. इथे लिहिते, कारण इथे कोणी अरेरे म्हणत नाही.

नंतर मुद्द्यावर आल्या. म्हणाल्या, सगळ्यांचं असं म्हणणं पडलं की ह्या वर्षी टेकडी नको. माझा गुडघाही कुरकुरतो, तुम्हीही नुकत्या उठलात, पुढच्या वर्षी बघू. तोवर मी आपली नावाला पुढे चालते.

नावाला! म्हणजे स्पर्धा रद्द आणि खुर्ची कायम. माझ्या विभागात असे अर्ज रोज येत. सौम्य भाषा, खाली सही, आत सुरी.

सूप चांगलं होतं. त्याचा इथे संबंध नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी.

आठही जणींना लेखी कळवलं: टेकडी नियमाप्रमाणे २३ तारखेला सकाळी सात वाजता होईल. हरकत असल्यास सकारण लेखी कळवावी. कोणीही कळवली नाही. शिवणाच्या क्लासवाल्या बाईंनी फोनवर हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ती संमती धरली.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, म्हणजे ज्यांच्यातल्या कोणालाही चढायचं नाही अशा नऊ बायका टेकडी चढणार? आठ, मी म्हटलं. मला चढायचं आहे. त्यावर हे जे म्हणाले त्याचा उल्लेख करत नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी.

वाक्य निवडलं. ऑफिसचंच, तोंडात बसलेलं: आपला अर्ज मिळाला, त्यावर योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. आयुष्यात दहा हजार वेळा म्हटलं असेन.

सपाटीवर: ठीक. चढाला लागले: आपला अर्ज मिळाला, त्यावर योग्य ती का...

पुन्हा: योग्य ती का...

तिसऱ्यांदा: योग्य...

हे टायमर धरून उभे. मी त्यांना सांगितलं, हे वाक्य ऑफिसातही कार्यवाहीपाशीच अडत असे.

वाक्य बदलावं लागेल. ह्याच्यात दोष आहे.

सोमवार, १० फेब्रुवारी.

आज न थांबता अकरा मिनिटं. सपाटीवर. नवीन वाक्य, लहान: आज हवा बरी आहे. नाकाने श्वास आत, ओठ फुंकर घातल्यासारखे करून बाहेर, फिजिओने शिकवलं तसं. खोकला कमी. रात्री झोप सलग. हे सगळं खरं आहे.

फिजिओने फोनवर टाळ्या वाजवल्या. म्हणाली, मॅडम, फार छान, असंच हळूहळू. मी हिशेब केला. ह्या गतीने मी टेकडीवर पोहोचेन जूनच्या मध्यावर. अकरा मिनिटांसाठी टाळ्या! मी अडतिसाव्या वर्षी ऑफिसच्या स्पोर्ट्समध्ये आठशे मीटर पळाले आहे, तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. (मी सहावी आले होते. पण पाठ ताठ ठेवून.)

गुरुवार, १३ फेब्रुवारी. सकाळी १०.

हे दातांच्या डॉक्टरांकडे गेले आहेत. दोन तास. बूट चढवले. आज खरा सराव. मधलं सगळं बाजूला ठेवून एकदम तीस मिनिटं, चढासकट. शरीराला शिस्त लावली की ते ऐकतं, त्याला निवड दिली की ते डोक्यावर बसतं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी. दुपारी ४.

बावीस मिनिटं झाली. त्यातली सात फार्मसिस्टच्या खुर्चीत. त्याने स्वतःहून पाणी दिलं आणि पायरी दुरुस्त केली ते दाखवलं. बोट एका चिमट्यात घालून ऑक्सिजन बघितला. आकडा बरा आला. कोणाला घरी सांगू का म्हणाला. मी मान हलवली. तोंडाने नाही म्हणायचं होतं.

शनिवार, १५ फेब्रुवारी.

दोन दिवस अंथरुणात. ताप नाही. पाय दुसऱ्या कोणाचे तरी बसवल्यासारखे. ह्यांना सांगितलं, हवा बदलली म्हणून. फार्मसिस्ट ह्यांच्याशी बुद्धिबळ खेळतो हे मी विसरले होते.

उठून पाहिलं तर बूट जागेवर नाहीत. कपाटाच्या वर ठेवलेत. विचारलं तर म्हणाले, वर हवा चांगली लागते. मी स्टूल घेतलं, चढले, काढले. खाली उतरून पाच मिनिटं त्याच स्टुलावर बसले. ह्यांनी आत येऊन पाहिलं आणि टायमर सुरू केला. असा माणूस पाण्यात बुडणाऱ्यालाही आधी वेळ विचारेल.

गुरुवार, २० फेब्रुवारी.

फिजिओकडे गेले. तिला बावीस मिनिटांचं कळलेलं. रागावली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, मॅडम, दोन पावलं पुढे टाकली की तुम्ही दहा उड्या मारता आणि मग पंधरा पावलं मागे येता. त्यापेक्षा दोनच टाका ना. मग विचारलं, ती टेकडीवाली मैत्रीण कशी आहे? मी म्हटलं, जिद्दी आहे. म्हणाली, तिला सांगा, वर कोणी पळून जात नाही, टाकी तिथेच आहे.

टाकी आहे गं. माझी जागा नाही.

हे मोठ्याने म्हटलं नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी.

तयारी. बूट, स्कार्फ, बाटली, खिशात गोळ्या. योजना: पहिल्या चाळीस पायऱ्या संथ, मग बेताची चाल, शेवटच्या पन्नासात मुसंडी. कॅशियरबाईंचा गुडघा दीडशेच्या आसपास कुरकुरतो, हे अकरा वर्षांचं निरीक्षण आहे. ह्यांनी विचारलं, जाणारच? जाणारच. मग टायमर टेबलावर ठेवून म्हणाले, उद्या हा नको. मी खाली पायथ्याशी बसतो.

अशा वेळी माणूस भांडला तर बरं असतं.

रविवार, २३ फेब्रुवारी. सकाळी ११.४०.

क्रमाने लिहिते.

७.०० सर्व हजर. कोणी हसत नव्हतं. मी पुढे, मागे दोघी-दोघी.

पायरी ३८: एक तरुण कठड्यावर पाय टाकून ताणत होता. कठडा सार्वजनिक आहे हे त्याला सांगितलं. वेळ: साधारण दीड मिनिट.

पायरी ६१: दोघं फोटो काढत उभे. लोकांच्या जाण्यायेण्याच्या वाटेबद्दल बोलले. दोन मिनिटं. ते बिचारे बाजूला होऊन केव्हाचे उभे होते, मीच पुढे सरकत नव्हते.

पायरी ८४: एक वृद्ध गृहस्थ उतरत होते. त्यांनी काही केलं नव्हतं. त्यांना टोपी नीट घालायला सांगितली.

त्यानंतर कोणी नाही. वरपर्यंत पायऱ्या धुतल्यासारख्या रिकाम्या. रविवारी सकाळी ह्या टेकडीवर माणूस नाही म्हणजे काय! मी वर पाहिलं, बाजूला पाहिलं. एक कागदाचा कपटा जरी पडलेला असता तरी चाललं असतं. मग मागे वळून पाहिलं. आठ जणी, दोघी-दोघी, सरळ रेषेत, चालताना गप्पा बंद. अकरा वर्षांत इतकी सरळ रांग मी पाहिली नव्हती. बोट ठेवायला जागा नव्हती. पंचाण्णवाव्या पायरीपासून मला थांबण्यासाठी एकही कारण मिळालं नाही. आणि कारणाशिवाय मी थांबत नाही.

पायरी ११७: बसले.

म्हणजे बसायचं ठरवलं नव्हतं. गुडघे आधी बसले, मग मी. तुम्ही पुढे जा, हे तीन शब्द बोलायचे होते. तु झालं.

कॅशियरबाई माझ्याशेजारी बसल्या नाहीत. एक पायरी खाली, पाठ माझ्याकडे करून बसल्या, म्हणजे माझा चेहरा कोणाला दिसू नये. म्हणाल्या, ताई, बोलू नका. आधी सोडा, मग घ्या. फुंकर घाला. एवढंच. त्यांच्या पाठीमागे बसून मी फुंकर घालत राहिले. मग बाकीच्याही एकेक करत बसल्या. वर कोणीच गेलं नाही.

दहा-बारा मिनिटांनी शिवणाच्या क्लासवाल्या म्हणाल्या, मग आता नियमाप्रमाणे पहिलं कोण? सगळ्याच एकशे सतरावर, म्हणजे कोणीच नाही. दुसरी म्हणाली, मतदान घ्या. तिसरी म्हणाली, ह्या वर्षी कॅशियरबाईंनीच पुढे चालावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.

माझा आक्षेप होता. पद्धतीला, वेळेला, पायरीवर मतदान घेण्याला, एकूण सात मुद्दे. पण आवाज नव्हता. म्हणून सभेच्या रीतीप्रमाणे बोलण्याची परवानगी मागायला मी हात वर केला.

मोजला.

मी जोराने हलवला. नाही, नाही, अशा अर्थाने. एक जण म्हणाली, बघा, ताईंचा उत्साह! आणि टाळ्या झाल्या. एकमताने मंजूर. ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

कॅशियरबाईंनी मात्र मागे वळून माझ्याकडे पाहिलं. हळूच विचारलं, ताई, खरंच? त्या क्षणी माझ्यात एक शब्द बोलण्यापुरता श्वास आला होता. नाही हा शब्द तेवढ्यात बसला असता.

मी हात खाली घेतला. शब्द वापरला नाही. का, ते अजून ठरलेलं नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी.

डॉक्टर. छाती स्वच्छ, इन्फेक्शन नाही, नुसता अतिरेक. तीन दिवस विश्रांती, मग फिजिओच्या हाती, पुन्हा सपाटी, सुरुवात सात मिनिटांपासून. फिजिओने विचारलं, मैत्रीण चढली? मी म्हटलं, एकशे सतरा. म्हणाली, आणि मग? मी म्हटलं, मग तिला बसवलं. मुलीने माझा हात दाबला. शिकते आहे.

मंगळवार, २५ फेब्रुवारी.

निषेधाचा मसुदा तयार. चार पानं. माझा वर गेलेला हात मत म्हणून न धरता आक्षेप म्हणून नोंदवावा, सबब ठराव रद्द, सबब जागा मूळ मालकाकडे परत. ह्यांना वाचून दाखवला. संपल्यावर हे म्हणाले, तर्क बिनतोड आहे. एकच विचारतो, जागा परत मिळाली तर सोमवारी पुढे कोण चालणार?

मी म्हटलं, मी.

किती वेळ?

ह्यांना कॉलेजात मुलं का घाबरत ते आज कळलं.

बुधवार, २६ फेब्रुवारी. सकाळी ६.२५.

गट खिडकीखालून गेला. कॅशियरबाई पुढे. त्यांची चाल खरंच फार हळू आहे. इतकी की मागच्या दोघींना बोलायला वेळ मिळत होता आणि धाप कोणालाच लागत नव्हती. शेवटच्या रांगेत एकच बाई होती, शेजारी कोणी नाही. नऊच्या आठ झाल्या की असं होतं.

पडदा उघडाच ठेवला. हात केला नाही. पण पडदा उघडा होता, त्याची नोंद.

चार पानं फाडली. दुसरा मसुदा दोन पानं. संध्याकाळी तोही फाडला.

गुरुवार, २७ फेब्रुवारी. दुपारी ३.

अंतिम मसुदा. प्रत इथे उतरून ठेवते.

प्रति कॅशियरबाई. विषय: रांगेतील जागेबाबत.

दि. २३ रोजी पायरी क्र. ११७ वर झालेला ठराव कोणत्या परिस्थितीत झाला ह्याची आपणास पूर्ण कल्पना आहे. त्याबद्दल मला आणखी काही म्हणायचं नाही, ह्याचा अर्थ म्हणायला काही नाही असा घेऊ नये.

गटाच्या शेवटच्या रांगेत एक जागा रिकामी दिसते. ती खरोखर रिकामी आहे किंवा कसे, हे कळवावं. असल्यास दुसऱ्या कोणास देण्यापूर्वी माझा अर्ज विचारात घ्यावा. मला त्या जागेचा अनुभव नाही, तरी शिकण्याची तयारी आहे. आपल्याला अकरा वर्षांचा आहे, त्यामुळे तिथून पुढच्यांच्या पाठीखेरीज काय दिसतं, हेही कळवलंत तर उपयोग होईल.

मी माझ्या फाटकापासून निघेन आणि सात मिनिटांनी परत फिरेन. फिरताना निरोप घेणार नाही, कारण बोलण्यात श्वास घालवायचा नाही अशी सूचना आहे. तेव्हा कोणी मागे वळून पाहू नये. माझ्यासाठी वेग कमी करू नये. केल्यास माझ्या लक्षात येणार नाही इतपतच करावा.

ह्या पत्राचं लेखी उत्तर शनिवार, १ मार्च, सायंकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या दाराखालून सरकवावं. फोन करू नये. तोंडी उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही. मुदतीत उत्तर न आल्यास जागा रिकामी आहे असं समजून मी सोमवारी सकाळी सहा वीसला फाटकाशी उभी राहीन.